पानिपतला कोण गेलं, गाडी की ट्रक?

वैशाली, गाझियाबाद
संक्रांतीनंतरचा पहिला सोमवार

तीर्थस्वरूप गुणवंतराव यांस,

श्यामकांतचा कानटोपी, मफलर आणि दोन स्वेटरांसकट साष्टांग नमस्कार. (इथली थंडी अशी आहे की यातलं काही काढून नमस्कार घातला असता, तर तो शेवटचा ठरला असता.) तुमच्या डाव्या गुडघ्याची विचारपूस चंद्रप्रभा रोज देवापाशी करते, मी थेट तुमच्यापाशी करतो. मी पाठवलेल्या होमिओपॅथीच्या गोळ्यांनी उतार पडला का? पडला नसेल तर त्या विनयावहिनींना द्या, सर्दीवरही त्याच चालतात. होमिओपॅथी मी पुस्तकावरून शिकलो हे तुम्हाला ठाऊकच आहे. टायपिंग, पेटी आणि पोहणंही तसंच शिकलो. (पोहणं अजून पाण्याबाहेरच आहे.)

हल्ली कोणी पत्र लिहीत नाही, मग मेहुण्याला आत्ताच हा उमाळा का, असं तुम्हाला वाटेल. कारण साधं आहे. फोन केला की तुमची बहीण स्पीकर लावते आणि मग माझ्या वाट्याला फक्त 'हो' आणि 'बरं' एवढंच उरतं. पत्राला स्पीकर नसतो. तेव्हा निवांत बसा, चहा मागवा, आणि मी गाडी घेतली त्याची हकिगत ऐका.

गाडी घेतली हे तुम्हाला कळलं असेलच, पण कसली ते कळलं नसेल. अमेरिकेत हिला मसल कार म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर दंडाची बेटकुळी काढून उभी राहिलेली गाडी. रंग हळदीसारखा पिवळा, नाक हे एवढं लांब, दारं दोन आणि सिलिंडर आठ. (आमच्या स्वयंपाकघरात दोनच आहेत, त्यातला एक कायम रिकामा.) सुरू केली की आधी खाकरते, मग गुरगुरते, आणि मग छातीत असं काही घुमतं की माणसाला आपण कोणाचंही देणंघेणं न ठेवता जगलो असं वाटू लागतं. तुम्ही म्हणाल, अडुसष्टाव्या वर्षी हे काय? गुणवंतराव, दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरातून मी सबंध नोकरी चार्टर्ड बसने केली, तीही उभ्याने, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात वरचा दांडा धरून. साहेबांच्या गाडीचं दार उघडण्याचा योग पुष्कळदा आला, आत बसण्याचा कधी आला नाही. एकदा साहेबांची छत्री ठेवायला कमरेपर्यंत आत गेलो होतो, तो वास अजून नाकात आहे. तेव्हाच मनाशी धरलं होतं, की एक दिवस स्वतःच्या गाडीत कमरेखालचा भागही न्यायचा.

आपल्या महाराष्ट्र मंडळातला विक्रांत (पुण्याचा पोरगा, गुरुग्रामात कॉम्प्युटरमध्ये आहे, अथर्वशीर्षाला दर वर्षी उशिरा येतो) परदेशी निघाला आणि जाताना गाडी प्रेमाने सांभाळेल अशा माणसाला द्यायची म्हणाला. मी हात वर केला. चंद्रप्रभाला मी अगोदर सांगितलं होतं बरं का! फक्त तिची समजूत अशी झाली, की दूध-भाजी आणायला सोयीचं काहीतरी येतंय.

बरेच दिवस उभी राहून गाडीची बॅटरी उतरली होती, म्हणून विक्रांतने ती सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून पाठवली. ट्रक आमच्या गल्लीत शिरला, मागची पाठ कलती झाली आणि गाडी अलगद दारात उतरली. चंद्रप्रभाने काही न बोलता भाकरतुकडा ओवाळला. (ती काही बोलत नाही तेव्हा काय समजायचं, हे मी तुमच्याच घरी शिकलो.) मी नारळ फोडायला उचलला, तो थंडीने बधिर झालेल्या हातातून निसटला, घरंगळत गाडीखाली गेला आणि पोटाला टेकून अडकला. काठीने ढोसून काढावा लागला. सगळे हसले, मीही हसलो. पण जिच्या पोटाखालून एक नारळ सुखाने जात नाही, ती गाडी या देशात कुठे कुठे जाऊ शकेल, याचा विचार तिथेच करायला हवा होता.

तो विचार दुसऱ्या दिवशी सकाळी, बॅटरी भरून निघालो तेव्हा झाला. आमच्या गल्लीच्या दोन्ही तोंडांना एकेक स्पीड ब्रेकर आहे. ब्रेकर कसले, सिमेंटचे दोन गर्विष्ठ वरवंटेच म्हणा. पुढची चाकं पलीकडे गेली, मागची अलीकडे राहिली, आणि गाडी पोटावर टेकून बागेतल्या सी-सॉसारखी डुलू लागली. मी आत. असोसिएशनचे सेक्रेटरी इंद्रजित चढ्ढा हातात दुधाची पिशवी घेऊन आले आणि खिडकीत वाकून म्हणाले, "भाईसाहब, ये गाडी है या थ्रेशर?" (थ्रेशर म्हणजे मळणीचं यंत्र, आवाजावरून म्हणत होते.) मग दूधवाला, माळी आणि खुद्द चढ्ढा अशा सगळ्यांनी मागे ओढून आम्हाला गल्लीत परत घेतलं. दुसऱ्या तोंडालाही तोच प्रकार. थोडक्यात, ट्रकवरून आली म्हणून गाडी आत आली. स्वतःच्या पायांनी आली असती, तर गल्लीबाहेरच राहिली असती.

पण गुणवंतराव, तुम्ही मला कष्टी समजू नका. इतका सुखी मी कधीच नव्हतो! रोज सकाळी चहा झाला की मी या ब्रेकरपासून त्या ब्रेकरपर्यंत जातो आणि त्या ब्रेकरपासून या ब्रेकरपर्यंत मागे मागे येतो. दुसरा गिअर टाकायची वेळ येण्याआधी गल्ली संपते, त्यामुळे गाडीत दुसरा गिअर आहे हे मी विक्रांतच्या शब्दावर धरून चालतो. इंजिनचा आवाज घुमला की चढ्ढांच्या बाल्कनीतली कबुतरं एकदम उडतात, यासाठी मिसेस चढ्ढा मला दुवा देतात. शिवाय इथे सूर्य आठवडा आठवडा दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, आणि आठ सिलिंडरांनी तापलेलं बॉनेट ही काय चीज आहे ते आमच्या गल्लीला आता कळलंय. माझी फेरी झाली, की त्यावर मोजे, लंगोट आणि हातरुमाल पसरले जातात, भोवती शेंगदाणे आणि गजक (इथली तिळाची चिक्की) घेऊन लोक शेकायला उभे राहतात, आणि मी आत स्टिअरिंग धरून बसतो. येणारा जाणारा वाकून "नमस्ते जी" करतो. चार्टर्ड बसमध्ये इतकी वर्षं गेली, माझ्याकडे वळून कोणी पाहिलं नव्हतं, पायावर पाय पडला तरीसुद्धा.

तरी ब्रेकर थोडा तासावा म्हणून मी असोसिएशनला अर्ज केला. हिंदीत, 'सविनय निवेदन' पासून 'भवदीय' पर्यंत, सरकारी वळणाचा. मीटिंग झाली. निम्मे म्हणाले ब्रेकर कमी करा, निम्मे म्हणाले पोरं खेळतात, उंच करा. मग दोन्ही बाजू राखायच्या म्हणून जुने ब्रेकर होते तसेच ठेवले आणि गल्लीच्या मधोमध तिसरा बांधला. अर्जाआधी माझ्याकडे अख्खी गल्ली होती, अर्जानंतर अर्धी राहिली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले, पण अर्जात एवढी ताकद असते याची मला कल्पना नव्हती.

तिसरा ब्रेकर बांधला त्या दिवशी चंद्रप्रभा बोलली. तिला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळातल्या बायकांना वाण म्हणून पानिपतची पायपुसणी लुटायची होती. (तिथे ती ढिगाने मिळतात, रजयाही.) म्हणाली, "या गाडीने मला संक्रांतीच्या आत पानिपतला नेऊन आणलं, तर गाडी राहील. नाहीतर गाडी जाईल आणि तिथे मी कुंड्या ठेवीन." देवापुढे म्हणाली, निरांजन लावून. तुम्ही तिचे थोरले भाऊ, तिच्या निरांजनाचं वजन तुम्ही जाणता.

मग मी काय काय केलं ते विचारू नका. (विचारलंत तर सांगतो.) जुन्या पलंगाच्या फळ्या ब्रेकरला लावल्या, त्या कडाडून मोडल्या. वजन घटावं म्हणून जादा चाक काढलं, मागची सीट काढली, जी आता आमच्या बैठकीत पाहुण्यांसाठी आहे. शेवटी उरलेलं वजन माझंच, म्हणून मी मार्गशीर्षातले गुरुवार धरले. पट्टा एक भोक आत आला, पण गाडी केसभरही वर आली नाही. संक्रांत तोंडावर आली. चंद्रप्रभा कुंड्यांचा भाव विचारू लागली.

आणि तेव्हा मला सुचलं. गाडी जशी आली तशीच जाईल! ज्याने गाडी आणून दिली तो ट्रकवाला दिलीप, राहणारा सोनिपतचा, म्हणजे पानिपतच्या वाटेवरचाच. फोन केला, भोगीच्या दिवशी सकाळी धुकं निवळल्यावर तो हजर. गाडी ट्रकवर चढवली, साखळ्या लावल्या, आणि आम्ही दोघं शिडीने चढून गाडीत बसलो. (हे नियमात बसतं का ते मला ठाऊक नाही. तुम्ही कोर्टातले, तुम्ही हा कंस वाचू नका.) पानिपत म्हटलं की आपल्या माणसाला सतराशे एकसष्ट आठवतंच. आपली माणसं तिथे गेली तेव्हा रसद कमी पडली म्हणतात, म्हणून चंद्रप्रभाने गुळाच्या पोळ्या, बाजरीच्या भाकऱ्या, भोगीची भाजी आणि थर्मास असा बंदोबस्त केला होता. सारी गल्ली निरोपाला लोटली. चढ्ढांनी सॅल्यूट ठोकला. ट्रक ब्रेकरवरून गेला तेव्हा आम्हाला नुसता झोपाळ्याचा हेलकावा बसला. सगळा हिवाळा ज्याने मला कोंडून ठेवलं, त्याच्या डोक्यावरून मी गेलो, गुणवंतराव!

पुढचा प्रवास काय वर्णावा. आम्ही बसच्या टपाइतके उंच. खाली पिवळीधमक मोहरी, वर आमची पिवळीधमक गाडी. मी गाडीचं इंजिन चालू ठेवलं होतं, एक तर हीटरसाठी आणि दुसरं म्हणजे शोभेसाठी. वळण आलं की माझे हात आपोआप स्टिअरिंग फिरवायचे, हॉर्नही मीच द्यायचो. सोनिपतजवळ दिलीपने ट्रक बाजूला घेतला, वर चढून आला आणि काच ठोठावून म्हणाला, "ताऊ, स्टेरिंग क्यूं घुमा रा सै? मन्नै भरम हो ज्या सै." आरशात आमची फिरणारी चाकं पाहून त्याला गोंधळल्यासारखं होत होतं म्हणे. मग असं ठरलं, की सरळ रस्त्यावर मी चालवायची आणि वळणावर त्याने. टोलनाक्यावर तर मजाच झाली. ट्रकच्या काचेवरची फास्टॅगची चिठ्ठी यंत्राने वाचली आणि वर आमच्या काचेवरची पण वाचली. दोघांचाही टोल कापला गेला. मी भांडायला खिडकी खाली केली, आणि मग एकदम लक्षात आलं की हा तर पुरावा आहे. मी टोलवाल्याला तिळगूळ दिला.

पानिपतात बाजाराच्या तोंडाशीच ब्रेकर होता, त्यामुळे गाडी उतरवली नाही. चंद्रप्रभाने वरूनच, खिडकीतून, खाली दुकानदारांशी घासाघीस केली. ते मान वर करून बोलत होते आणि ती मान खाली करून नाही म्हणत होती. अशी खरेदी तिने जन्मात केली नव्हती. पायपुसणी आणि रजया दोरीने वर ओढून घेतल्या, काढलेल्या मागच्या सीटच्या जागी सगळं अगदी बेतानं बसलं. (बघा, सीट काढली ती उगाच नव्हती.) येताना ती रजईत पाय घालून मोहरी बघत होती आणि गुणगुणत होती. मी मनात म्हटलं, श्यामकांता, गाडी राहिली.

घरी पोचलो. गाडी उतरली, सामान उतरलं, चंद्रप्रभा उतरली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गाडीने मला नेलं नाही. ट्रकने नेलं. मी फक्त गाडीला सोबत म्हणून गेले." मी टोल कापल्याचा मेसेज दाखवला. तिने गाडीचा किलोमीटरचा आकडा दाखवला, तो जागचा हलला नव्हता. मी घटलेलं पेट्रोल दाखवलं. ती म्हणाली, ते तुमच्या शोभेचं. पण गुणवंतराव, माझं मन म्हणतं, माणूस बोटीत बसून गेला तरी गेला तोच ना? की समुद्र गेला असं म्हणायचं?

असो. विनयावहिनींना नमस्कार, गुडघ्याला लोकरीचं गुंडाळा. तिळगूळ पत्रात घालता येत नाही, तरी तो घेतलाच असं समजून गोड बोलावं.

तुमचा,
श्यामकांत

ता. क. – पत्र खरं एवढ्यासाठीच होतं. रविवारी चंद्रप्रभा तुम्हाला फोन करून निकाल मागणार आहे. तुम्ही चाळीस वर्षं जिल्हा कोर्टात नाझर होतात, तुमचा शब्द तिला अखेरचा. टोलच्या पुराव्यावर भर देऊन निकाल माझ्या बाजूने द्यावा.

ता. क. २ – वेगळ्या पार्सलने एक रजई आणि दोन पायपुसणी पाठवली आहेत. त्याचा वरच्या मजकुराशी काहीही संबंध नाही. रजई गुडघ्यासाठी आहे.

ता. क. ३ – दादा, मी चंद्रप्रभा. यांनी पाकीट चिकटवून पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं, यावरून काय ते समज. निकाल काय द्यायचा तो दे, पण इतक्यात देऊ नकोस. होळीपर्यंत तारखा पाड. निकाल लागेपर्यंत हे मुकाट्याने मटार सोलतात. बाकी काळजी करू नकोस, दिलीपला मी फाल्गुनातल्या हरिद्वारसाठी सांगूनही ठेवलंय. गाडी विकली, तर आम्ही ट्रकवर बसायचं कशात?