घरात नेलेली तलंग

माय, तुझ्यावरचा राग काल पुन्हा वर आला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी आला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत घरी फोन लावला, तर तुझी सून म्हणली, "तुमच्या लेकीनं कोंबडी घरात आणून ठेवलीय. बाकीच्यांनी टोचून टोचून शेपटीजवळ रक्त काढलं तिचं. आता हिच्याच ताटात जेवून राह्यली ती." मागून लेक ओरडली, "पप्पा, बरी झाल्याशिवाय मी तिला सोडणारच न्हाई!" माझा घास हातातच राह्यला. टेंभुर्णीच्या त्याच अंगणात मी तुझ्याशी याच्यावरूनच भांडलो होतो.

तुझ्या दहा-बारा कोंबड्या होत्या. त्यात ती ठिपक्यांची तलंग, अजून अंड्यावरसुद्धा आली नव्हती. एका सकाळी बघतो तर सगळ्या मिळून तिला टोचून राह्यल्या. रक्त दिसलं की अजून चेव. तू तिला उचललंस, चुलीची काजळी कडुनिंबाच्या तेलात कालवून जखमेवर थापलीस आणि डालग्याखाली झाकलीस. ते पण भर अंगणात! ती बिचारी डालग्याच्या भोकातून बघतेय, आणि टोचणाऱ्या भोवती साळसूदपणे दाणे टिपतायत. मी म्हणलं, "माय, घरात घे ना तिला." तू म्हणलीस, "तिथंच राहू दे." "का पण?" "सांगितलं ना एकदा." झालं, संपलं. त्याच दुपारी तू मावशीच्या बाळंतपणाला हसनाबादला निघालीस. जाताना पुन्हा बजावलंस, "डालग्याला हात लावशील तर बघ."

लावला मी हात. तुझी पाठ फिरली तशी तलंग उचलली आणि घरात कणगीमागं पोत्यावर बसवली. बाप रोज कामावर, त्याला कोंबड्यांचं सोयरसुतक न्हाई. आठ दिवस माझ्या भाकरीतले तुकडे तिला चारले. जखम सुकली, पिसांची नवी खुटं वर आली. तू येणार त्या दिवशी मी अंघोळ करून, भांग पाडून बसलो होतो. तू वेशीपाशी दिसलीस आणि मी तिला अंगणात सोडलं, तुला दाखवायला. तू दारात पोचेस्तोवर सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या होत्या. मी लाथा घातल्या, काठी फेकली, पण त्या हटंनात. सोडवली तेव्हा डोक्याची कातडी निघाली होती. तू पिशवी खाली ठेवलीस, तिच्याकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस आणि अख्ख्या गल्लीसमोर म्हणलीस, "तूच मारलीस हिला." मंग विळी मागितलीस, कारण जीव अजून होता. संध्याकाळी रस्सा वाढलास. मी ताट सरकवलं तर म्हणलीस, "रागानं पोट भरतंय का?" गल्लीतली पोरं वर्षभर मला कोंबडीमाऱ्या म्हणत होती. तू ऐकत होतीस आणि गप होतीस.

मी काय चूक केली, हे तू कधीच सांगितलं न्हाईस. पुढं तू गेलीस, सातवीत शाळा सुटली. जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात चार महिने टिकलो, मंग टेम्पोवर, मंग आणखी कुठं कुठं. माझा पाय एका जागी ठरतच न्हाई. आता हैदराबादच्याही पुढं एका पोल्ट्रीत आहे. इथं जखमी कोंबड्यांना शेडातच जाळी मारून कोपरा केलाय. पहिल्याच हप्त्यात मी भडकलो, म्हणलं, यांना दुसऱ्या खोलीत का ठेवत न्हाई? ओडिशाची एक मावशी आहे कामाला, ती हसायला लागली. "अरे, नजर के सामने रखने का. नहीं तो बाकी भूल जाते. फिर छोड़ा तो पराई समझ के मारते." आणि जखमेवर काळं का लावायचं? लाल दिसलं की टोचतात म्हणून.

एवढंच होतं, माय! ना नात्याच्या ना गोत्याच्या बाईनं, मोडक्या हिंदीत, खाद्य टाकता टाकता सांगितलं. तुझ्या तोंडाला काय झालं होतं? शेजारणी दुखऱ्या कोंबड्या घेऊन यायच्या तेव्हा ओट्यावर बसून त्यांना घटकाभर समजावून सांगायचीस. आपल्या पोराला मात्र नुसतं बजावायचं. मी ऐकलं न्हाई, कबूल. पण मला सांगितलं असतंस तर मी रात्रंदिवस त्या डालग्यापाशी राखणीला बसलो असतो, ठाऊक होतं तुला.

काल फोनवर माझ्या तोंडातून पण आधी तेच निघालं, "आत्ताच्या आत्ता बाहेर काढ तिला!" तिकडं लेक रडायला लागली. मी तशीच जीभ चावली. विचारलं, किती दिवस झाले? म्हणली, दोनच. मंग सगळं सांगितलं. काजळी, तेल, डालगं अंगणात, बाकीच्यांना दिसंल असं. ती म्हणली, "काळी दिसंल ना ती!" "दिसू दे." "बाहेर तिला भ्या वाटंल." "तू बस जवळ." मंग म्हणली, "पप्पा, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

हा कागद मी कुठं धाडणार न्हाई, आणि राग काही गेला न्हाई माझा. पण लेकीला मी म्हणलं, माझ्या मायनं शिकवलं. खोटं बोललो.