हलकं काम

६ फेब्रुवारी १९७८
डाव्या हातानं लिहितोय. अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे. तीन महिन्यांनी आज कंपनीत हजर झालो. उजव्या हाताची मधली तीन बोटं पत्रा दाबायच्या प्रेसनं नेली. विम्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती — प्रेस नको, हलकं काम द्यावं.

मॅनेजरसाहेब गोड बोलले. "काळजी नको, भिवा. देऊ हलकं काम." बाहेर फोरमन दत्तोबा उभे. हातात झाडू!

"शेड आणि संडास," एवढंच म्हणाले. माझ्याकडं बघेनात.

मला वाटलं चेष्टा करतायत. हसलोसुद्धा!

७ फेब्रुवारी
चेष्टा नव्हती.

१० फेब्रुवारी
तळवड्याचे चिमाजीराव. गेल्या वर्षी त्याच प्रेसवर त्यांचीही तीन बोटं गेली. त्यांना स्टोअरमध्ये बसवलंय — खुर्ची, टेबल, हत्यारं द्यायची-घ्यायची. आज धीर करून साहेबांना म्हटलं, मी मॅट्रिक आहे, मलाही स्टोअरमध्ये घ्या.

"चिमाजीचं वेगळं. तुमच्या लोकांना झाडायची सवय असते."

रागानं नाही हो! चहा मागवावा तसं सहज बोलले. आठ वर्षं प्रेस चालवली मी. नवा माणूस आला की हेच साहेब माझ्याकडं शिकायला पाठवायचे!

बायकोला, सोजरला, अखेर सांगितलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "मामंजींनी छप्पन साली गावची चावडी झाडायचं टाकलं. चऱ्होलीत वरीसभर कुणी कामावर घेतलं न्हाई. तरी झाडू धरला न्हाई त्यांनी. आन् तुमी?"

जेवलो नाही.

१४ फेब्रुवारी
पुण्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. चार कागद फाडले. साक्षीदार लागणार. चिमाजीरावांशिवाय कोण? पण आपली खुर्ची धोक्यात घालून ते कशाला येतील?

१५ फेब्रुवारी
विचारलं. चष्मा काढून पुसायला लागले.

"मला कळत न्हाई व्हय रं? रोज बगतोय खिडकीतनं. लाज वाटती." मग म्हणाले, "येतो मी."

येतो म्हणाले! खरंच वाटेना.

३ मार्च
पुण्यात सुनावणी. साहेब टाय लावून आले होते. "मी जात बघतच नाही. स्टोअरमध्ये जागा नाही, इतकंच."

चिमाजीराव उठले. माझा हात धरून टेबलावर ठेवला, शेजारी स्वतःचा. "ह्यो बगा, आन् ह्यो बगा. सारकंच हाय. मग मला खुर्ची आन् ह्याला संडास का?"

साहेब कागद चाळत राहिले. अधिकारी म्हणाले, "जात बघून काम वाटता येणार नाही. कायदा आहे. दोघांना सारखं वागवा आणि आठ दिवसांत कळवा."

परतीच्या एसटीत चिमाजीरावांना झोप लागली. मी वेड्यासारखा एकटाच हसत होतो. सोजरनं शिरा केला.

११ मार्च
कंपनीनं हुकूम पाळला. दोघांना सारखं वागवलं — चिमाजीरावांची खुर्ची काढून घेतली. त्यांच्याही हातात झाडू!

हे मी केलं. माझ्या अर्जानं केलं.

धावत गेलो. "मी अर्ज मागं घेतो. तुमची खुर्ची तरी—"

"खबरदार!" केवढ्यानं ओरडले! शेडच्या पायरीवर बसले होते, तोंड लाल. "चुलत्याच्या वयाचा हाय मी. सांगतो त्ये ऐक. दुसरा अर्ज लिव्ह. आता दोगांच्या नावानं."

लिहिला. दोघांनी सह्या केल्या.

१३ मार्च
अर्ज पोस्टात टाकायची वेळच आली नाही. सकाळी चिमाजीरावांना संडास झाडताना लोकांनी बघितलं आणि प्रेस बंद! चारशे माणसं बाहेर येऊन उभी राहिली. दुपारपर्यंत स्टोअरमध्ये त्यांची खुर्ची परत आली. शेजारी माझीही.

सोजर विचारते, आनंद नाही का झाला? झाला की.

पण महिनाभर मी याच चारशे जणांच्या पायांतून झाडत होतो. तेव्हा एकही प्रेस थांबली नव्हती.