पत्ता अपुरा, परत

३ फेब्रुवारी १९८३
आजपासून गावच्या पोस्टाला शिस्त. पिनकोड, आडनाव, घर नंबर नसेल तर पत्र परत! आमचा पोस्टमन व्हॅलेरियन नुसत्या हाकेच्या नावावर टपाल वाटतो. लोकांना त्यानेच लाडावून ठेवलंय. म्हणाला, पत्र पोचल्याशी मतलब. मी म्हटलं, मतलब नियमाशी. गाव मला पोस्टमास्तरसाहेब म्हणतं ते उगाच नाही.

४ फेब्रुवारी
कामणची मंडळी आमच्या प्रेमलताला बघून गेली. आठ दिवसांत पत्राने कळवतो म्हणाले. होकार पक्का. मुलाचे वडील दयारामशेठ आमच्या वाडीतल्या तळ्याच्या, बावखलाच्या काठावर उभे राहून केळी न्याहाळत होते, पाण्याला बारा महिने तोटा नाही म्हणाले. यशोदा म्हणते, त्यांना पत्ता लिहून द्यायचा होतात. पोस्टमास्तरला पत्ता? बायकांना पोच नाही.

८ फेब्रुवारी, दुपारी
पाच पत्रं परत. रखमाबाई भांडून गेली. नियमाला नातं नसतं.
एक पत्र वालीवच्या कुणा काळूरामचं. वर नुसतं 'बावखलवाले दादा' आणि गावाचं नाव. गावात बावखलं किती, दादा किती! व्हॅलेरियन म्हणाला, साहेब, हे तेवढं राहू द्या. त्याला गप्प केलं. स्वतः लाल शाईने शेरा मारला: 'अशी व्यक्ती गावात नाही. परत.' अक्षर झकास आलं.

१४ फेब्रुवारी
कामणहून पत्र नाही. त्या बाजूचं टपालच ढिलं, वर तक्रार करणार. प्रेमलता रोज थैली उघडायच्या वेळी डबा घेऊन येते. डबा मी सकाळीच आणलेला असतो. पोरीकडे बघवत नाही.

१९ फेब्रुवारी
कामणला जाऊन आलो. दयारामशेठनी माझ्या लाल शेऱ्याचं तेच पत्र पुढ्यात टाकलं. त्यांच्यात होकार मुलाच्या मामाने कळवायचा. मामा म्हणजे वालीवचा काळूराम. मुलगी बघायला आले त्या दिवशी एसटीच्या थांब्यावर त्याने माझं घर विचारलं, तर सगळ्यांनी एकच नाव सांगितलं म्हणे, बावखलवाले दादा. शेठ म्हणाले, ज्याला त्याच्याच गावात कोन वळखत नाय, त्याच्याशी सोयरीक कशी करायची? मुलाचं दुसरीकडे ठरलं. शेरा माझाच, हे सांगायला तोंड उघडलं. सांगवलं नाही. पत्र खिशात घालून परतलो.

२० फेब्रुवारी
घरी सांगितलं, वरच्या पोस्टाची चूक. प्रेमलताने पत्र मागितलं. लाल शाईकडे बराच वेळ बघत राहिली आणि आत गेली.
पाटीवर तिला अक्षरं मीच गिरवायला शिकवली होती.