पाहुण्यांसाठी राखलेले मफिन

ती. आईला नमस्कार, पण चिडूनच.

मी बरी आहे, खोकलाही कमी आहे. पण ताईचा फोन आला आणि डोकंच फिरलं. केळी, खजूर, जवस, भोपळ्याच्या बिया घालून तुझ्या न्याहारीसाठी मफिन भाजले, घरी निघालेल्या मैत्रिणीबरोबर पाठवले, आणि तू ते पाहुण्यांसाठी राखून ठेवलेस? बुरशी येईपर्यंत? स्वतः मात्र रोज नुसत्या चहावर.

इथे बेकरीत मी सकाळपासून परक्यांची पोटं भरते, आणि माझी आई उपाशी.

गुडघा कसा आहे? खरं सांग.

दुसरा डबा पाठवतेय. ताईसमोर बसून खा. ज्यांची वाट बघत ते राखलेस ते पाहुणे म्हणजे मीच असेन, तर ऐक, मला यंदाही घरी यायला रजा नाही.

तुझीच,
धाकटी