पाचवा ‘का’

पाती, बुधवार, जेवणाची सुट्टी

परम आदरणीय मोठे काका यांस,

तुमच्या गुडघ्यांना कपाळ टेकून पुतण्या प्रिहांतोचा सलाम. इकडे सर्व ठीक आहे, तिकडेही सर्व ठीक असेल. (तिकडे म्हणजे कारखान्यातल्या या भिंतीपलीकडे. आज सकाळीच फाटकावर आपली भेट झाली, तुम्ही माझी तब्येत विचारलीत, मी तुमची विचारली. तुमचा गुडघा बरा आहे, माझा खोकला गेला आणि काकूची हरवलेली कोंबडी शेजाऱ्यांकडे सापडली, हे सगळं मला ठाऊक आहे. पण पत्र म्हटलं की रीत सोडवत नाही.) तुम्ही म्हणाल, वीस पावलांवर बसणाऱ्या माणसाला पत्र कसलं लिहितोस गाढवा, उठून ये की! आलो होतो काका, या आठवड्यात तीनदा आलो. तिन्ही वेळा तुम्ही चहा पुढे केलात, मी तो प्यायलो, ‘काय उकडतंय नाही?’ म्हणालो आणि परत आलो. तोंडावर बोलायला जी छाती लागते ती आपल्या घराण्यात कुणालाच मिळालेली नाही, त्यात माझा एकट्याचा काय दोष? म्हणून हा कागद.

तसं विशेष काही नाही. सहज लिहितोय. आमच्या प्रशिक्षणाचं चाललंय ते कळवावं म्हटलं. मालकीणबाईंनी आम्हा बारा सुपरवायझरांना गुणवत्ता-सुधारणेच्या वर्गाला बसवलंय हे तुम्ही पाहताच आहात (पाहता आणि मिशीत हसता, तेही आम्ही पाहतो). गेले आठ महिने दुकानदार बाटल्या परत पाठवताहेत. म्हणे कचाप खारट लागतो. आपला कचाप! काळ्या सोयाबीनचा, माडाच्या गुळाचा दाट गोड सॉस, जो भातात कालवून पातीच्या तीन पिढ्या वाढल्या, तो खारट! परत आलेल्या बाटल्यांनी मागचं गोदाम भरलं, तेव्हा मालकीणबाईंनी थेट सुमात्रातल्या मेदानहून शिकवणाऱ्या बाई बोलावल्या. तिउर्माबाई. जातीच्या बातक. बातक माणसं मनात येईल ते ओठांवर आणतात आणि आपण जावाची माणसं मनात येईल ते पोटात घालतो, तेव्हा पहिल्या दिवसापासून काय जुगलबंदी चालली असेल ती तुम्हीच ओळखा. बाई ‘सुप्रभात’ म्हणतात तेव्हासुद्धा आमच्यातले दोघे दचकतात.

पहिल्या दिवशी बाईंनी लाल चिठ्ठ्या वाटल्या. कारखान्यात ज्या वस्तूचं काही काम नाही तिच्यावर चिठ्ठी चिकटवायची, महिन्याभरात ती वस्तू बाहेर. संध्याकाळी पाहतात तर एक चिठ्ठी प्रशिक्षणाच्या वेळापत्रकावरच चिकटलेली! (मी नाही लावली. मी फक्त चिठ्ठी पुरवली.) दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर माशाचा सांगाडा काढला. दोष म्हणजे माशाचं डोकं आणि कारणं म्हणजे काटे, असं काहीतरी होतं ते. पण बांदेंग माशाच्या गावात येऊन माशाचं चित्र काढावं का माणसानं? अख्खा वर्ग तासभर वाद घालत बसला, की हा मासा कुठला. सहाच काटे? बांदेंग खाताना एका घासाला याहून जास्त निघतात. शेवटी बाई कडाडल्या, ‘अहो, खायचा नाहीये तो!’ त्यावर मागून कुणीतरी हळूच म्हणालं, ‘मग धरलात कशाला?’ त्या दिवशी वर्ग लवकर सुटला.

खरी कत्तल झाली ती ‘का’ने. बाईंचं शास्त्र असं की कुठलाही दोष घ्या आणि पाच वेळा ‘का’ विचारा, पाचव्या ‘का’ला मूळ हाताला लागतं. काका, आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे पाच वेळा ‘का’ कोण विचारतं कुणाला? एकदा विचारलं तर आगाऊ, दोनदा विचारलं तर वाया गेलेला, आणि तिसऱ्यांदा विचारायला मी तरी कुणाला जिवंत पाहिलेलं नाही. वर्गात बाईंनी विचारलं, कचाप खारट का? अकरा जण एका सुरात म्हणाले, हवामान. हवामान का? यंदा उशीर झाला पावसाला. उशीर का? अल्लाची मर्जी. तिसऱ्याच ‘का’ला अल्लापर्यंत पोचलो, पुढे कुणाची हिंमत? बाईंनी टेबलावर हात आपटला, म्हणाल्या, ‘हवामान काय बूच उघडून बाटलीत शिरतं?’ आणि नेमकं तेव्हा माझ्या तोंडून हसू फुटलं. झालं, पाच ओळींचा कोरा तक्ता माझ्या हातात. आता शनिवारी मालकीणबाईंसमोर आणि सगळ्या साठ माणसांसमोर तो मला वाचायचाय. पाचही ओळी भरल्या तर प्रशस्तिपत्र आणि गुणवत्ता विभागाची खुर्ची. नाही भरल्या तर खुर्ची दुसऱ्याला, आणि बाई म्हणतात, उरलेला ‘का’ त्या स्वतः विचारतील, तिथेच, जो कोण असेल त्याला उभं करून.

पहिली ओळ सोपी होती. बाटल्या परत का? खारट म्हणून. दुसरीही जमली. खारट का? मीठ जास्त पडतं म्हणून. तिसरीसाठी कढईवर कासिदीदादाकडे गेलो. म्हटलं, दादा, मीठ जास्त का पडतं? म्हणाला, ‘हो ना.’ म्हटलं, हो ना नव्हे, का? म्हणाला, ‘हो, तसं बघायला गेलं तर बरोबर आहे तुझं.’ अर्धा तास तो माझ्या प्रत्येक शब्दाला हो म्हणत राहिला, कढई घोटत राहिला, वर मला केळ्याची भजी खाऊ घातली. शेवटी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, हनुवटीनं चाखण्याच्या टेबलाकडे खूण केली आणि असा खाली वाकला, की जणू कढईत त्याचं कुणी पडलंय. तेवढ्यावर मी तिसरी ओळ लिहिली, की चाखणारे ‘अजून चिमूटभर’ म्हणतात, म्हणून. (चाखणाऱ्यांचं नाव लिहिलेलं नाही. कारखान्यात चाखणारे एकच आहेत, एक्केचाळीस वर्षं तेच आहेत, पण नाव लिहिलेलं नाही.)

चौथी मिळाली मिठाच्या कोठीत, मुर्सिनामावशीकडे. तिनं मला बसू दिलं नाही की चहा विचारला नाही, तेव्हाच ओळखलं की ही खरं बोलणार. म्हणाली, ‘त्यांच्या जिभेला आळणी लागतंय, म्हणून मागतात. लिहून घे चौथी आणि चालू लाग. पाचवी मला विचारू नकोस बाबा, मला अजून याच गल्लीत राहायचंय.’ मग संध्याकाळी काकूकडे गेलो. (तुम्ही नमाजाला गेला होतात. वेळ बघूनच गेलो होतो, माफ करा.) काकूनं आधी इकडचं तिकडचं सांगितलं, मग डोळ्याला पदर लावला. मला वाटलं रडतेय, तर हसत होती. म्हणाली, घरीसुद्धा सारात मूठमूठ मीठ घालतात, नातवंडं पाण्याचे तांबे घेऊन जेवायला बसतात. म्हटलं, मग सांगत का नाहीस? म्हणाली, ‘चाळीस वर्षांत नाही सांगितलं काही, आता काय सुरुवात करू? तू सांग. तू शिकतोयस ना प्रशिक्षणात.’

तर पाचवी ओळ अजून कोरी आहे. बाई काल स्वतःच चाखण्याच्या टेबलाकडे निघाल्या होत्या, मी आडवा झालो. म्हटलं, चाखताना त्यांच्याशी कुणी बोलत नाही, कचाप नासतो. ते त्यांनी वहीत लिहून घेतलं. दुसरीकडे मालकीणबाईंच्या टेबलावर खारटपणा मोजायच्या यंत्राची पुस्तिका आलीय. यंत्र आलं तर चाखणाऱ्यांना फाटकाजवळ चांगली गादीची खुर्ची देणार म्हणतात, मान म्हणून. तो मान म्हणजे टेबलावरून उठवणंच की, काका. लहानपणी तुम्ही मला त्या टेबलावर बसवून बोटभर कचाप चाटवायचात आणि विचारायचात, काय कमी आहे? मी काहीही ठोकून द्यायचो, आणि तुम्ही मान डोलवायचात.

असो. उगाच लांबलं. काकूला सलाम, नातवंडांना गोड पापा. गुडघ्याला तेल चोळत जा. कळावे, लोभ आहेच, तो शनिवारनंतरही असावा.

तुमचा आज्ञाधारक
प्रिहांतो

ता. क. खरं म्हणजे एक बारीकशी विनंती होती. काका, कवळी. लिहून टाकलं बघा. ती वरची कवळी टाळूला चिकटून बसते, सगळा टाळू झाकते, आणि मग चव कुठून लागणार? हे मी नाही म्हणत, कुदूसच्या रस्त्यावरचा तो दात बसवणारा म्हणतो. काल मुद्दाम मोटारसायकल काढून त्याला विचारून आलो. ती तुमची स्वतःची बत्तिशी आहे असं तुम्ही सगळ्यांना सांगता आणि सगळे मानतात. तुम्ही चमचा तोंडात घातलात की ‘टक्’ असा आवाज येतो, तेव्हा सगळा कारखाना सोयाबीनकडे बघायला लागतो, तेही मानण्याचाच भाग आहे. कुणीही काही बोलणार नाही. म्हणून मी चाखण्याच्या टेबलामागे एक पडदा लावलाय, काकूच्या जुन्या लुगड्याचा, आणि आत झाकणाचा एक डबा ठेवलाय. तक्त्यावर त्याला ‘चाखणाऱ्याची एकाग्रता वाढवण्याचा उपाय’ असं नाव दिलंय. तिउर्माबाई बेहद्द खूश आहेत, खर्च शून्य म्हणून. उद्या आणि परवा नऊ वाजता तुम्ही फक्त पडद्याआड जायचं, डब्याचं झाकण उघडायचं, मग चाखायचं. दोन कढया नीट उतरल्या की ती यंत्राची पुस्तिका मीच मालकीणबाईंच्या टेबलावरून उचलतो आणि तिला लाल चिठ्ठी लावतो.

ता. क. दुसरा. पाचव्या ओळीची काळजी करू नका, आत्ता हे लिहितालिहिताच भरली. चाखणाऱ्यांना आळणी का लागतं, तर प्रिहांतो नावाच्या सुपरवायझरने त्यांच्या कामात नको ती लुडबूड केली म्हणून. माझंच नाव घातलंय. ते खोटं नाही. माझ्या सासरची माणसं सोलो शहरातली, नाजूक बोलणारी, फोटोत माझे मोठे काका बोळके नकोत दिसायला, म्हणून आठ महिन्यांपूर्वी माझ्या लग्नाच्या आधी तुम्हाला मागे बसवून त्या दातवाल्याकडे मीच नेलं होतं. तुम्ही नको नको म्हणत होतात. दोष करणाऱ्याला गुणवत्तेची खुर्ची मिळते का, हे बाईंनी शिकवलेलं नाही, शनिवारी कळेलच. कसली लुडबूड असं त्यांनी विचारलंच तर तो सहावा ‘का’ होतो, आणि त्यांचं शास्त्र पाचावर संपतं. काल रात्री लग्नाचा आल्बम काढून बसलो होतो. तुमचे एकोणीस फोटो आहेत. एकोणिसांतही तुम्ही तोंड घट्ट मिटून उभे आहात.

ता. क. शेवटचा. तुम्ही रागावणार हे मला माहीत आहे. ओरडणार नाही, बोलणं सोडणार नाही, मला ‘अहो-जाहो’ करायला लागाल. लहानपणी तुमची सायकल माझ्या हातून विहिरीत पडली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि तुम्ही पंधरा दिवस मला ‘अहो प्रिहांतो, आपण जेवलात का?’ म्हणत होतात. त्यापेक्षा चार फटके द्यायचे होते, इतकं लागलं होतं ते. आताही म्हणा, महिनाभर म्हणा, साठ माणसांसमोर म्हणा, मी मुकाट ऐकून घेईन. फक्त काका, सकाळी नऊ ते साडेनऊ कवळी डब्यात असू द्या.