आपण दोघांनी उलटा शिकलेला नाच

अहो,

पत्र लिहायची आपली रीत नाही. तुम्ही नोकरीसाठी दूर रुवैसला होतात तेव्हासुद्धा मी फोनवर 'जेवलात का' एवढंच विचारायचे. आज लिहायला बसले, कारण परवा निनाद काहीतरी बोलला आणि तेव्हापासून मला तुमच्या फोटोकडे बघायची लाज वाटते आहे. हार बदलतानाही मी मान खाली घालून बदलते.

नीट पहिल्यापासून सांगते. तुम्ही गेल्यावर निनादने मला दुबईत, अल बर्शाच्या त्याच्या घरी आणलं. इथे खालच्या हॉलमध्ये मरिसा नावाची फिलिपिनो बाई जोडीचे नाच शिकवते. मी तिथे जाते. निनादला सांगितलं होतं की भजनाला जाते. हसताय ना? हसा. माझा जोडीदार केरळचा आहे, थॉमस म्हणून, मुलीकडे राहतो, त्याची बायकोही गेली आहे. भला माणूस आहे, पण नाचताना मोठ्याने आकडे मोजतो. येत्या शुक्रवारी एका हॉटेलात स्पर्धा आहे आणि त्यात आमची जोडी आहे.

पहिल्याच दिवशी मरिसाने मला थांबवलं होतं. "मॅम, हू टॉट यू? एव्हरीथिंग इज करेक्ट, बट ऑल अपोझिट." उजवा पाय हवा तिथे माझा डावा, आणि डावा हवा तिथे उजवा. मी म्हणाले, कॉलेजमध्ये शिकले. साठीला टेकलेली बाई धडधडीत खोटं बोलली!

कुठे शिकले ते तुम्हालाच माहीत आहे. शारजात, अल मजाजच्या आपल्या फ्लॅटमध्ये, टीव्हीसमोर.

ते मंदीचं वर्ष. तुमची साइट बंद पडली, क्रेन होत्या तशा उभ्या राहिल्या आणि तुम्हाला घरी बसवलं. आपण कोणाला काही सांगितलं नाही. मंडळात विचारलं तर 'लाँग लीव्ह', पुण्याला विचारलं तर 'काम कमी आहे सध्या'. पहिले काही दिवस तर तुम्ही टाय लावून, बॅग घेऊन लिफ्टने खाली जायचात आणि शेजारचे ऑफिसला गेले की परत वर यायचात. पण तेच शेजारी एक दिवस सामान वाटून कायमचे निघून गेले. जाताना आपल्याला डीव्हीडींचा एक खोका देऊन गेले. त्यातच तो सिनेमा होता.

कोरियन सिनेमा, खाली अक्षरं अरबी. दोन्ही आपल्याला सारखंच! नाचाच्या स्पर्धेतली एक जोडी, दोघांचं एकमेकांशी पटत नाही, एवढं कळलं. बाकीचं तुम्ही मराठीत भरलंत. हिरो तोंड उघडायचा आणि तुम्ही म्हणायचात, "अगं, पाय बघून टाक, फरशी भाड्याची आहे." मग मी हिरॉइन झाले. लग्नाच्या इतक्या वर्षांत तुम्हाला कधी 'अरे' म्हटलं नव्हतं, पण तिच्या तोंडून खुशाल म्हणायला लागले. "अरे गाढवा, हात धर की नीट." तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिलात.

निनाद शाळेत गेला की सोफा भिंतीला लावायचा आणि सिनेमा लावायचा. टीव्हीकडे तोंड करून, ते करतील तसं करायचं. आरशात बघून केस विंचरावे तसं आपण सगळं उलटं उचललं. दोघांनीही उलटंच केलं, म्हणून कधी अडलं नाही. निनाद घरी आला की त्याला अभ्यासाला खोलीत बसवून पुन्हा थोडा वेळ चालायचं. त्याच्यासमोर नाचायची आपल्याला लाज वाटायची.

आता जे तुम्हाला कधीच सांगितलं नाही ते सांगते. ते महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. लोकांचे संसार उठत होते, विमानतळावर माणसं गाड्या सोडून जात होती, आणि मी सकाळी डोळे उघडले की मला आनंद व्हायचा, की हे आज घरी आहेत. देवापुढे उभी राहून तुमच्या नोकरीसाठी हात जोडायचे तेव्हासुद्धा मनातून घाई नसायची. तुम्हाला रुवैसच्या नोकरीचा फोन आला तेव्हा मी किचनमध्ये रडले. तुम्ही पाण्याचा ग्लास घेऊन आलात आणि म्हणालात, "खलास, संपलं गं सगळं." तुम्हाला वाटलं मी सुटल्याच्या आनंदात रडते आहे. मी रडत होते नाच संपला म्हणून. तेव्हाही लाज वाटली होती, पण ती मला झेपण्याएवढी होती.

परवा निनादला भजनाचं खोटं होतं ते सांगून टाकलं. नाचाचं सांगितलं, आणि बोलता बोलता हेही सांगितलं, की आम्ही तेव्हा किती मजेत होतो. तो लॅपटॉप बंद करून माझ्याकडे बघायला लागला.

"आई, यू रिअली डिडंट नो?"

"काय?"

"बाबा यूज्ड टू क्राय. बाथरूममध्ये, नळ सोडून. माझ्या खोलीची भिंत लागूनच होती. आय हर्ड इट ऑलमोस्ट एव्हरी डे."

तो पुढे म्हणाला, "मला वाटायचं तुला माहीत आहे. आय थॉट दॅट्स व्हाय यू टर्न्ड अप द टीव्ही."

अहो, तो नळ मला आठवतो. मी बाहेरून ओरडायचे, "नळ बंद करा, बिल कोण भरणार?" थट्टेत म्हणायचे. पण पगार थांबलेल्या माणसाला मी हे म्हणत होते! आणि तुम्ही टॉवेलने तोंड पुसत बाहेर यायचात आणि हात पुढे करायचात, "चला मॅडम, रिहर्सल." त्या वेळी तुमचे डोळे लाल असणार. मी तुमच्यापासून वीतभर अंतरावर होते. मला दिसले कसे नाहीत? की दिसले, आणि मी सोयीने साबण गेला असेल असं धरून चालले? खरंच सांगता येत नाही मला.

रुवैसहून तुम्ही सुट्टीला यायचात आणि नुसते झोपायचात. तो सिनेमा पुन्हा कधी लावला नाहीत. मी त्याचा राग धरला होता, माहीत आहे? म्हणायचे, यांना किती सहज सोडता आलं. आता कळतंय, तुम्हाला ते दिवस पुन्हा बघायचेच नव्हते.

पण माझीही एक तक्रार आहे. एकदा तरी दार उघडायचं होतंत. मी काय फक्त हसायला ठेवलेली बायको होते? बाथरूमच्या ओल्या फरशीवर बसले असते तुमच्याजवळ. बिलाचं बोलले नसते. तुम्ही मला माझ्या वाट्याचं रडू दिलं नाहीत, आणि ते सगळं त्या बारा वर्षांच्या पोराला भिंतीपलीकडून ऐकावं लागलं.

आणि एकच विचारायचं आहे. त्यातलं थोडं तरी तुमच्यासाठी खरं होतं का? गिरकी घेताना शोकेसला धक्का लागून काचेचा बाऊल फुटला, आणि तुम्ही इतके हसलात की उचकी लागली, ते माझ्यासाठी केलेलं नाटक होतं? उचकी काही मुद्दाम लावता येत नाही, हो ना? मी गेले दोन दिवस त्या उचकीला धरून बसले आहे.

काल मरिसाला फोन करून सांगणार होते की शुक्रवारी माझं नाव काढा. थॉमसला कोणी दुसरी जोडीदारीण मिळेल. कोणत्या तोंडाने नाचू? निनादने फोन माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाला, "डोंट कॅन्सल. मी नुसतं ऐकलंय, आई. वन्स, आय वॉन्ट टू सी."

म्हणून जाते आहे. आनंदाने जाते असं म्हणत नाही. पाय अजूनही उलटाच पडतो, तिथे सगळ्यांसमोर पडेल. लाज तर वाटणारच, ती घेऊनच नाचीन.

तुम्हाला शब्द देते. मरिसाने किंवा कोणीही पुन्हा विचारलं की कुठे शिकलात, तर कॉलेज म्हणणार नाही, लाँग लीव्हही म्हणणार नाही. सांगीन, शारजाला शिकले, माझ्या नवऱ्याबरोबर. त्यांची नोकरी गेली होती. ते रोज रडायचे आणि तोंड धुऊन माझ्याबरोबर नाचायला यायचे.

तुमचीच,
सुनंदा