शनिवारपर्यंत सगळं ठीक

आप्पा,

मला तुमचा राग येतो. तुम्हाला जाऊन अडतीस वर्षं झाली आणि या सगळ्या वर्षांत मी तुमच्या फोटोला हार घातला, दर वर्षी कॉलनीतल्या चार माणसांना जेवू घातलं, पण तुमच्याशी भांडले मात्र कधी नाही. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. का भांडू नये? भांडण अर्धवट टाकून जाणारा माणूस शहाणा आणि मागे राहिलेल्याने गप्प बसायचं, हा कुठला न्याय?

आपलं क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवतं ना? दोन माणसं आत असली की तिसऱ्याने दारात थांबायचं, एवढंसं. रविवारी दुपारी आई स्टोव्हवर बोंबलाचं कालवण करतेय, तुम्ही पाटावर बसलाय आणि ती निळ्या पुठ्ठ्याची डायरी दारात बसलेल्या माझ्यापुढे सरकवताय. "लिही गं माझे आई, तुझं अक्षर लय झ्याक हाय." तुम्ही चावीवाले होतात. रुळाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या रोज हातोडीने ठोकत जायचं, सैल असेल ती घट्ट करायची, रुळाला तडा दिसला तर लाल झेंडा दाखवून गाडी थांबवायची आणि संध्याकाळी त्या दिवसाची नोंद डायरीत करायची. हातोडी मारून तुमची बोटं आखडलेली असायची, एक ओळ लिहायला अर्धा तास जायचा. म्हणून तुम्ही युक्ती काढलीत. सहा दिवसांच्या सहा ओळी रविवारीच लिहून टाकायच्या, त्याही माझ्याकडून. सोमवार, सर्व चाव्या तपासल्या, रूळ ठीक. मंगळवार, तेच. शनिवारपर्यंत सगळं ठीक. मधे काही बिघडलंच तर तुम्ही त्या ओळीखाली स्वतः काहीतरी खरडायचात.

एकदा मी विचारलं होतं, "आप्पा, शनिवारी रूळ ठीक असेल हे आजच कसं कळलं?" केवढ्याने खेकसलात! "मला शाळा शिकवू नको. मी रोज चालतो ना? मंग? रूळ काय डायरीनं धरून ठेवलाय?" मी रडत रडत उरलेल्या ओळी लिहिल्या. पुढच्या रविवारी तुम्ही पंचवटीच्या बाजारात गेलात आणि येताना हिरव्या टोपणाचं शाईचं पेन आणलंत. ते माझ्यापुढे ठेवलंत. मला वाटलं, आप्पांनी माफी मागितली. आता वाटतं, कामाला हत्यार दिलंत, एवढंच.

तुम्ही गेलात त्या गुरुवारी सकाळी घोटीकडच्या वळणावर हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. अशा धुक्यात चावीवाल्याजवळ दुसरा एक माणूस शिट्टी घेऊन उभा पाहिजे. तुमचा जोडीदार तेव्हा साहेबांच्या बंगल्याचं कंपाउंड रंगवत होता, कारण वरून कुणी त्याहून मोठे साहेब यायचे होते. एका रुळावरून मालगाडी आली, तुम्ही तिला वाट देऊन शेजारच्या रुळावर सरकलात आणि त्याच रुळावरून पॅसेंजर आली. मालगाडीच्या धडधडीत ती तुम्हाला ऐकू आली नाही.

तिसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब घरी आले. तुमच्या खांद्यावरच्या पिशवीत सापडलेली डायरी त्यांनी आपल्या ओट्यावर उघडली. माणूस गुरुवारी सकाळी गेला आणि डायरीत शुक्रवार ठीक, शनिवार ठीक. त्यांनी आईला आणि मला थोडं विचारलं, आईने केलेला चहा न पिता गेले आणि अहवाल दिला: मयत कर्मचारी तपासणी न करताच नोंदी करीत असे, अपघात त्याच्या निष्काळजीपणामुळे झाला. कंपाउंडच्या रंगाबद्दल एक शब्द नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! तुमच्या बुटांचे तळ चार महिन्यांत झिजायचे, झिजलेले जुने बूट दाराशीच पडलेले होते. ते कुणी उलटेसुद्धा करून पाहिले नाहीत. पुढे आईला स्टेशनवर झाडूकाम मिळालं. ती झाडत असताना बाया तिला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायच्या, "घरी बसून डायरी भरायचा म्हणे हिचा नवरा." आईने हे वीस वर्षं ऐकलं, आप्पा. तुम्ही सुटलात.

मी शिकले, परीक्षा दिल्या आणि रेल्वेची सुरक्षा निरीक्षक झाले. लोक म्हणाले, पोरीने बापाचं नाव काढलं. खरं सांगू? मला त्या चौकशीच्या साहेबाच्या खुर्चीत बसायचं होतं. बसले, आणि हुबेहूब त्याच्यासारखी झाले. माझी जीप दिसली की रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगची माणसं एकमेकांना म्हणतात, "आली फाडखाऊ." मला ठाऊक आहे. मी डायऱ्या तपासते, तारखा तपासते, खाडाखोड दिसली की माणसाला उभा सोलते. गँगमध्ये माणसं किती कमी आहेत, हा प्रश्न माझ्या छापील नमुन्यात नाही, म्हणून इतकी वर्षं मी त्याचं उत्तर लिहिलं नाही. कागदी घोडे मलाही नाचवता येतात.

परवा, मंगळवारी, एका गँगच्या खोलीवर गेले. चावीवाला चाळिशीचा, गळ्यात जीपीएसचं यंत्र. आता असतं तसं. माणूस चालला की नाही ते त्यात दिसतं, त्याने काय पाहिलं ते दिसत नाही, म्हणून डायरी अजून आहेच. उघडली. मंगळवार सकाळ आणि नोंदी शनिवारपर्यंत. वळणदार, सुबक अक्षर, सगळं ठीक. मी वही त्याच्यापुढे धरली.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझंच हाय मॅडम."

मी त्याच्या हातात पेन दिलं. "लिहा. रूळ ठीक, एवढंच लिहा." तो नुसता पेनाकडे बघत राहिला आणि माझं डोकं फिरलं. अहोजाहो सुटलं. "आज गाडीखाली गेलास तर शनिवारपर्यंत जिवंत राहणारेस का तू या वहीत? मेल्यावर कोण निस्तरणार हे? तुझी पोरं?" मी एवढ्याने ओरडत होते की गँगची माणसं टिकाव खाली ठेवून बघायला लागली. मी कुणावर ओरडत होते ते त्यांना काय माहीत.

तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. दारातच तिने सगळं ऐकलं, डबा खाली ठेवला आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ते अक्षर माझं हाय बाई. रविवारी मी लिहिते. यांना दोघांची हद्द चालावी लागती, दुसऱ्या चावीवाल्याची जागा दोन वर्सं भरली नाय. सांजचं घरी येतात तवा मूठ उघडत नाय. काय गुन्हा लिहायचा तो माझ्या नावानं लिहा. पण हे हद्द चालत नायत, असं लिहू नका."

नवरा तिला गप्प बस म्हणत होता. ती बसली नाही.

मी मुकादमाला विचारलं, "धुकं असतं तेव्हा यांच्यासोबत कोण असतं?" तो जमिनीकडे बघत म्हणाला, "सोबतचा गडी साहेबांकडं असतो मॅडम. तिथं बाग हाय ना." अडतीस वर्षांत एवढाच फरक पडला, आप्पा. तेव्हा रंग होता, आता बाग आहे.

मी हातोडी मागून घेतली आणि त्याची सगळी हद्द त्याच्याबरोबर चालले. आता चाव्यांऐवजी क्लिपा असतात. एकही सैल नव्हती. जीपीएसमध्ये पाहिलं, हा माणूस एक दिवस चुकलेला नाही. संध्याकाळी अहवाल लिहिला. डायरी खोटी आहे, हे लिहिलं, कारण ती खोटी आहे आणि उद्या खरंच तडा गेला तर त्या सुंदर अक्षराने गाडी थांबणार नाही. तुम्हीसुद्धा चुकलाच होतात. पण खाली दुसरा परिच्छेद लिहिला: माणूस रोज चालतो, दोन हद्दी चालतो, आणि धुक्यात त्याच्याजवळ उभा राहायचा माणूस कुठे पाणी घालतोय, तेही.

आज वरिष्ठांचा फोन आला. "मॅडम, पहिला मुद्दा एकदम पक्का आहे. त्याला लगेच निलंबित करू. दुसरा आपल्या कक्षेत येत नाही, तेवढा काढून उद्या अकरापर्यंत पाठवा." मी "बघते" म्हटलं. बघण्यासारखं काही उरलेलं नाही. दुसरा परिच्छेद राहणार आहे. फार तर माझी बदली करतील. करू देत. तो चावीवाला मात्र कदाचित घरी बसेल आणि त्याची बायको मला शिव्या देईल, आणि त्या मला ऐकून घ्याव्या लागतील.

मग हे पत्र कशाला? त्या बाईमुळे. "ते अक्षर माझं हाय" म्हणायला तिला क्षणही लागला नाही. डबा खाली ठेवायला लागला तेवढाच वेळ. परवापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही. तुमच्यावर रागावणं इतकी वर्षं मला सोयीचं होतं, हे मला आता लपवता येत नाही. हे पत्र घडी करून त्या हिरव्या टोपणाच्या पेनाखाली ठेवून देईन, दुसरं कुठे पाठवणार? आईशीसुद्धा मी हे कधी बोलले नाही, आणि तिनेही शेवटपर्यंत विचारलं नाही, तिला ठाऊक असून.

चौकशीच्या साहेबांनी ओट्यावर डायरी उघडली तेव्हा मलाच विचारलं होतं, अगदी मऊ आवाजात, "बाळ, हे अक्षर कुणाचं गं?" आई माझ्याकडे बघत होती. पेन माझ्या फ्रॉकच्या खिशात होतं. मी म्हणाले, "आप्पांचं."